लेझर कटिंग: एका मखराला लेयर लागतात तरी किती?

शेवंती_सांगली

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून लिहितेय.

आमचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. मार्चमध्ये ६० वॅटचं वापरलेलं सीओटू (कार्बन डायऑक्साइडच्या ट्यूबचं) लेझर मशीन घेतलं, रुइडा कंट्रोलरचं (म्हणजे मशीन चालवणारा बोर्ड रुइडाचा). विकणाऱ्याने दोन तासांत आरडीवर्क्स हे रुइडाचं सॉफ्टवेअर शिकवलं आणि जो गेला तो गेलाच. मी आता लाइटबर्न हे दुसरं सॉफ्टवेअर वापरते. कोरल ड्रॉवर हात बसलेला आहे, त्यामुळे चित्र काढायची अडचण नाही. अडचण पुढे आहे.

३ मिमी एमडीएफचं मखर करतेय. मागे कमान, कमानीत जाळी, दोन बाजूंना खांब, वर "गणपती बाप्पा मोरया" कोरलेलं आणि कडेने मोरपिसांच्या बारीक रेघा. कोरलमध्ये सगळं काळ्या रेषेतच काढलं होतं, त्यामुळे लाइटबर्नमध्येही सगळं एकाच काळ्या लेयरवर (एका रंगाच्या रेषांचा गट, सगळ्यांना एकच सेटिंग) आलं. मग कोरायच्या वस्तू निवडून निळ्या केल्या, बाकी काळं ठेवलं. पहिल्याच पॅनलला मशीनने आधी कमानीची बाहेरची कड कापली. पॅनल हनीकोंबवर (मशीनमधल्या जाळीदार टेबलावर) जरासा खाली बसला, थोडा फिरला, आणि पुढची सगळी मोरपिसं दीड मिलिमीटर सरकून उमटली. ४ बाय २ ची शीट गेली.

तर प्रश्न असे:
लेयर किती करायचे, आणि कशावरून ठरवायचं?
ते सब-लेयर म्हणून जे आहे त्याचा उपयोग काय?
कुठला लेयर आधी चालणार हे कोण ठरवतं?

गणपती पाच आठवड्यांवर आलेत. अकरा मखरांचे ॲडव्हान्स घेऊन बसलेय.

गुळाचा_गणपती

शीर्षकात 'लेयर' वाचून केकचा धागा समजून आलो. आलोच आहे तर बसतो.

फिटरकाका

शेवंतीताई, घाबरू नका. मी नऊ वर्षं आरडीवर्क्सवर काढली. तीन रंग पुरतात. एक कोरायचा, एक मार्किंगचा (वरवर रेघ उमटवायचा), एक कापायचा. लेयरच्या यादीत वरून खाली याच क्रमाने ठेवायचे. जो वर तो आधी. कटिंग नेहमी तळाला.

माझ्या ६० वॅटवर ३ मिमी एमडीएफ: कोरायला ३०० चा स्पीड (मिमी सेकंदाला), २० टक्के पॉवर. मार्किंगला १०० चा स्पीड, १२ टक्के. कापायला २० चा स्पीड, ६५ टक्के, एअर (हवेचा झोत) चालू. तुमची ट्यूब वापरलेली आहे, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. कोपऱ्यातल्या तुकड्यावर आधी बघा.

आणि वही करा. शीट कुठून आणली, जाडी किती भरली, स्पीड, पॉवर, तारीख. माझ्या अशा चार वह्या आहेत.

तिरकी_रेघ

काकांच्या क्रमाशी सहमत, 'तीन पुरतात'शी नाही.

शेवंतीताई, आपण कोरलवाले लोक रंगाकडे रंग म्हणून बघतो. लाइटबर्नमध्ये लाल-निळ्याला स्वतःचा काही अर्थ नाही. ती फक्त चिठ्ठी आहे: 'या रेषेला ही वागणूक द्या.' लेझर लाल कापतो आणि काळं कोरतो असं कुठे लिहिलेलं नाही, आपण सांगू तसं. म्हणून चित्रात ते काय आहे (पीस, अक्षर, कमान) याने लेयर पाडू नका. मशीनने तिथे काय करायचं आणि कधी करायचं, याने पाडा.

ते 'कधी' फार महत्त्वाचं. तुमची जाळी आणि कमानीची बाहेरची कड, दोन्हींचा स्पीड सारखा, पॉवर सारखी. तरी मी त्यांना दोन वेगळे लेयर देईन, कारण जाळी आधी कापली पाहिजे आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरची कड सुटली की पॅनल मोकळा. त्यानंतर काही उमटवायचं म्हणजे चालत्या बसमध्ये कुंकू लावणं.

तुमच्या मखराला माझे पाच: अक्षरं (फिल, म्हणजे आकार आतून भरून कोरणं), मोरपिसं (लाइन, म्हणजे नुसती रेषेवरून रेघ, कमी पॉवर), जाळी (कट), खांब अडकवायच्या खाचा (कट), बाहेरची कड (कट). खाचा वेगळ्या का ते नंतर सांगते, त्यात केर्फची (कापताना लेझर जेवढं लाकूड खातो त्या रुंदीची) भानगड आहे.

एक मात्र तपासा. ऑप्टिमायझेशन सेटिंगमध्ये लेयरप्रमाणे क्रम लावायचा पर्याय असतो. तो चालू नसेल तर यादीत वर-खाली कितीही केलंत तरी मशीन स्वतःला जवळचा वाटेल तो रस्ता धरतं. आणि प्रत्येक जॉबआधी प्रीव्ह्यू. खालची पट्टी सरकवत बघा लेझरचं डोकं कुठून कुठे जातंय. अर्ध्या शीट तिथेच वाचतात.

फिटरकाका

आतले आकार आधी कापायचाही पर्याय त्याच जागी असतो की. तो टिक केला की जाळी आपोआप आधी. मग दोन लेयर कशाला?

तिरकी_रेघ

असतो, आणि मीही टिक करूनच ठेवते. पण वेगळा लेयर असला की त्याचं आउटपुट (तो लेयर मशीनने चालवायचा की नाही) बंद-चालू करता येतं. जाळीच्या दोन घरात रेषा आरपार गेली नाही, तर फक्त जाळी परत चालवता येते. सगळं एका लेयरवर असेल तर एकेक घर माउसने निवडत बसा.

पक्या_ऑन_डायोड

मी ठाण्यात फ्लॅटच्या गॅलरीत १० वॅटचा डायोड लेझर चालवतो, शेजाऱ्यांच्या कृपेने फक्त रविवारी. सब-लेयरचं माझ्याकडून ऐका.

सब-लेयर म्हणजे एकाच आकाराला एकापाठोपाठ एक दिलेली वेगवेगळी सेटिंग. उदाहरण: नेमप्लेटवरचं अक्षर. आधी फिल मारायचा, मग त्याच अक्षराच्या कडेने एक बारीक लाइन. फिलमध्ये डोकं डावी-उजवी धावतं, त्यामुळे वेग वाढवला की कड करवतीसारखी दातेरी दिसायला लागते. कडेने लाइन फिरली की अक्षर छापल्यासारखं स्वच्छ.

पूर्वी हे करायला मी अक्षराची कॉपी काढून दुसऱ्या रंगावर ठेवायचो. मग कुठेतरी एक कॉपी ढकलली जायची आणि दुसरी तिथेच. 'देशमुख' नावाला दोन सावल्या पडल्या होत्या. आधी 'फिल प्लस लाइन' असा एक पर्याय होता, त्याची जागा आता सब-लेयरने घेतलीय. आकार एकच, म्हणून तो हलवला तरी दोन्ही कामं सोबत हलतात.

दुसरा उपयोग खोल कोरण्याचा. पहिला सब-लेयर ० अंशात, दुसरा ९० अंशात, म्हणजे तळाला एकाच दिशेच्या नांगरटीसारख्या रेघा राहत नाहीत. शेवटी एक जोरात पळणारा, कमी पॉवरचा, नुसती काजळी उडवायला.

तिरकी_रेघ

दातेरी कडेवर लाइन फिरवणं म्हणजे भेगेवर चुना लावणं आहे हं. मूळ इलाज स्कॅनिंग ऑफसेट, म्हणजे जाताना आणि येतानाची रेघ मागे-पुढे पडते ती जुळवणं. डिव्हाइस सेटिंगमध्ये वेगागणिक ती दुरुस्ती भरता येते. ती भर, मग लाइनची गरज निम्मी होईल.

पक्या_ऑन_डायोड

चुना तर चुना, गिऱ्हाईक खूश आहे. :) पण बघतो.

अक्षरवेडा

थोडं अवांतर, पण मराठी कोरणाऱ्या प्रत्येकाला लागणारं.

शेवंतीताई, "गणपती बाप्पा मोरया" कोरलंत तेव्हा शिरोरेषेवर मध्येमध्ये बारीक न कोरलेले चौकोन राहिले का? राहिलेच असणार. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्यावर किंचित चढलेली असते, म्हणून तर ती सलग दिसते. अक्षरं कर्व्हमध्ये (नुसत्या रेषांच्या आकारात) बदलली की ते सगळे सुटे आकार होतात, आणि फिल करताना जिथे दोन आकार एकावर एक येतात तो भाग सॉफ्टवेअर भोक समजून मोकळा सोडतं. वेलांटी आणि काना जिथे शेजारच्या आकारावर चढतात तिथेही तेच.

तेच शब्द कापून काढायचे असतील तर आणखी वाईट. प्रत्येक सांध्यावर रेषा कापली जाते आणि 'मोरया' हातात सुटा सुटा येतो.

इलाज एकच: कर्व्ह केल्यावर सगळं निवडून वेल्ड, म्हणजे सगळ्या आकारांचा जोडून एक आकार. लाइटबर्नमध्ये करा नाहीतर कोरलमध्येच करून आणा. वेल्डआधी कॉपी ठेवा, कारण नंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. हे अनुभवाचे बोल. 'शुभविवाह'चा 'शुभवीवाह' मी लाकडात अजरामर केलेला आहे.

रांगोळीचे छाप कापत असाल तर उलट काळजी. 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि छापात नुसतं भगदाड उरतं. तिथे पूल ठेवावे लागतात. कट सेटिंगमध्ये टॅबचा पर्याय आहे, पण ते टॅब नंतर मोडता यावेत असे बारीक असतात. छापाचे पूल मी चित्रातच जाड काढतो.

शेवंती_सांगली

अक्षरवेडा, तुम्ही माझ्या दुकानात डोकावलात काय? अगदी तेच चौकोन. मला वाटलं लेन्स घाण झाली. काल ती दोनदा पुसली.

गुळाचा_गणपती

लेन्स चकचकीत झाली हा फायदाच म्हणा.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे सार्वजनिक कार्यशाळेत तास बुक करून मशीन वापरतो. भिंतीवर पाटी आहे: लाल कापणे, निळा रेघ ओढणे, काळा कोरणे. मशीन सगळ्यांचं, म्हणून रंगही सगळ्यांचे. दुसऱ्याची फाइल उघडली तरी घोटाळा होत नाही.

मुद्दा असा की रंगाला अर्थ नसला तरी एकदा ठरवलेला रंग बदलू नका. दुकानात उद्या मदतनीस ठेवलात तर त्यालाही तेच शिकवा.

दुसरं, इंकस्केप किंवा कोरलमधून फाइल आणताना ठळक वेगळे रंग वापरा. लाइटबर्नकडे तीसच लेयर आहेत, ०० ते २९. बाहेरून आलेला रंग त्यातल्या सगळ्यात जवळच्या रंगात जाऊन बसतो. मी एकदा दोन लाल छटा वापरल्या होत्या, एक कापायला आणि एक मार्किंगला. दोन्ही एकाच लेयरवर आल्या आणि मार्किंगसुद्धा आरपार गेलं.

नागपूरचा_बबन

आउटपुट बंद-चालू करायचा सल्ला चांगला आहे भाऊ, पण त्यातला खड्डा कोणी सांगून नाही राहिलं. मी पडलो आहो त्यात.

शाळेच्या चाळीस ट्रॉफ्या. ॲक्रिलिकवर नाव कोरायचं, मग बाहेरून कापायचं. म्हटलं आधी सगळी नावं कोरून घेतो, म्हणून कटचं आउटपुट बंद केलं. मग कट चालू, कोरणं बंद. सगळी नावं एका कडेला सरकलेली!

कारण काय, तर माझं सुरुवातीचं ठिकाण 'करंट पोझिशन'वर (डोकं उभं असेल तिथून सुरुवात) होतं. तेव्हा सॉफ्टवेअर जे आउटपुटला जाणार तेवढ्याचीच चौकट मोजतं. कट बंद केला की चौकट लहान झाली, कोपरा बदलला, अन् जॉब सरकला. आता असं तुकड्यातुकड्यात काम असलं की मी ॲब्सोल्यूट कोऑर्डिनेट (टेबलावरची ठरलेली जागा) ठेवतो. फक्त निवडलेलं चालवताना चौकटही निवडलेल्याचीच धरायचा पर्याय चालू असला तरी हाच खड्डा आहे, ध्यानात ठेवा.

चाळीस तुकडे अजून घरी आहेत. पोरगी त्याच्यावर चहाचे कप ठेवते.

फिटरकाका

बबन, म्हणून म्हणतो, एका दमात चालवा. तीन रंग, एक स्टार्ट बटण.

तिरकी_रेघ

काका हट्टी आहेत पण या बाबतीत बरोबर आहेत. आउटपुट बंद करणं दुरुस्तीसाठी. रोजचा जॉब एका दमातच.

पक्या_ऑन_डायोड

मखरासोबत ॲक्रिलिकही करणार असाल तर दोन गोष्टी. माझा निळा डायोड पारदर्शक ॲक्रिलिक कापूच शकत नाही, प्रकाश आरपार निघून जातो. तुमच्या सीओटूला ती अडचण नाही. पण कोरायला कास्ट (साच्यात ओतलेलं) ॲक्रिलिक मागा. त्यावर पांढरं, दुधाळ उमटतं. एक्स्ट्रूडेडवर (यंत्रातून दाबून काढलेल्यावर) कोरलेलं धड दिसतही नाही. दोन्हींना लेयरची सेटिंग वेगळी, म्हणून मटेरियल लायब्ररीत (लाइटबर्नमधली सेटिंगची साठवण) दोन वेगळ्या नोंदी करा.

फिटरकाका

वही.

पक्या_ऑन_डायोड

काका, लायब्ररीत एक सोय आहे जी वहीत नाही. नोंद लेयरला नुसती लावता येते किंवा जोडून ठेवता येते. जोडली की ट्यूब म्हातारी झाल्यावर एका ठिकाणी पॉवर वाढवली, की त्या नोंदीला जोडलेल्या लेयरना नवा आकडा मिळतो. नाहीतर फाइल उघडली की तिच्यासोबत गेल्या वर्षीचीच सेटिंग परत येतात.

फिटरकाका

आणि पीसी फॉरमॅट झाला की?

पक्या_ऑन_डायोड

...वही.

मिरजेची_मैना

कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते. ताई, फ्लेक्सचं दुकान म्हणजे सनबोर्ड पडलेला असणार. तो लेझरमध्ये घालत नाही ना? आपल्याकडचा सनबोर्ड बहुतेक पीव्हीसी फोमचा असतो. जळला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. फुप्फुसं जातात, शिवाय मशीनच्या रेल, आरसे सगळं गंजतं. रेक्झिन आणि विनाइललाही तेच. यावर कुठलंही लेयर सेटिंग नाही, ते मशीनमध्ये घालायचंच नाही.

शेवंती_सांगली

नाही हो घातला. पण खरं सांगते, 'थर्माकोलला बंदी आहे तर सनबोर्डाचं करून द्या' म्हणणारी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. बरं झालं बोललात.

आता अहवाल. पाच लेयर केले, त्यांना नावंही दिली. क्रम लावला. वेल्ड केलं. मोरपिसं जागेवर, चौकोन गायब. अक्षरांना फिल आणि वर लाइनचा सब-लेयर दिला, झकास दिसतंय.

नवीन दुखणं: जाळीच्या कोपऱ्यांत कापलं जात नाही. सरळ रेषेत आरपार, कोपऱ्यात चिकटलेलं. ढकललं की पापुद्रा निघतो.

फिटरकाका

मिनिमम पॉवर किती आहे?

शेवंती_सांगली

१०. विकणाऱ्याने तशीच ठेवली होती.

फिटरकाका

तेच. कोपऱ्यात डोकं हळू होतं, तेव्हा रुइडा पॉवरही मिनिममकडे उतरवतो. १० टक्क्यांना तुमची ट्यूब बहुतेक पेटतच नसेल. कटिंगच्या लेयरना मिनिमम ४५-५० करून बघा. मॅक्सिममइतकीच ठेवली तर उलट कोपरे जळून काळे होतील. फिलच्या लेयरला हात लावू नका.

शेवंती_सांगली

४८ वर जाळी नुसती हलवली तरी घरं पडतायत. काका, तुम्हाला एक मखर फुकट.

पण आता खाचा. तिरकी_रेघ, तुम्ही केर्फचं नंतर सांगते म्हणालात आणि गेलात. खांब अडकवायच्या खाचा पॅनलच्या मधोमध आहेत, ३.० च्या काढल्यात. कापल्यावर ३.२ झाल्या, खांब डुलतो. म्हणून खाचांच्या लेयरला केर्फ ऑफसेट ०.१ दिला. आता खाच ३.४ झाली! कमी व्हायची ती वाढली कशी?

तिरकी_रेघ

माफी, माहेरी गेले होते.

ही माझ्याच सल्ल्याने झालेली गडबड आहे. लेझर आपल्या जाडीएवढं लाकूड खातो, तुमच्याकडे साधारण ०.२. म्हणून रेषा दोन्ही बाजूंना ०.१ ने सरकवायची. अधिक ऑफसेट बाहेरच्या आकाराला बाहेर ढकलतो आणि आतल्या भोकाला आत. पण भोक हे भोक आहे हे त्याला कळतं ते त्याच लेयरवर बाहेरची कड असेल तर. मी तुमच्या खाचा वेगळ्या लेयरवर काढायला लावल्या. तिथे प्रत्येक खाच एकटी, म्हणजे तीच बाहेरचा आकार, म्हणून ती बाहेर फुगली. प्रत्येक बाजूला ०.१, मिळून ०.२.

खाचांच्या लेयरला उणे ०.१ द्या. जाळीला केर्फ द्यायचीच गरज नाही, तिथे काही बसवायचं नाहीये. खांबाच्या टोकांचा आकार बाहेरच्या कडेत आहे, तिथे अधिकच हवा. तोही देणार असाल तर आधी एक खांब, एक खाच तुकड्यावर कापून बघा, नाहीतर दोन्हीकडून घट्ट होऊन हातोडा लागेल.

फिटरकाका

तीन रंग असते तर हे झालंच नसतं.

तिरकी_रेघ

झालं नसतं, पण मग जाळीची घरंही ०.२ ने बारीक झाली असती. तुम्हाला चाललं असतं, मला नाही.

शेवंती_सांगली

उणे ०.१. खाच ३.०२. खांब अंगठ्याने दाबून बसला, उलटा धरून हलवला तरी पडत नाही. खांबाची टोकं तशीच ठेवलीत, हात लावत नाही आता.

एक मखर एकोणचाळीस मिनिटांत निघालं. त्यातली बावीस मिनिटं नुसती अक्षरं कोरण्यात. हे कमी होईल का?

अक्षरवेडा

इंटरव्हल (फिलच्या दोन रेघांमधलं अंतर, मिमीत) किती? ०.१ म्हणजे इंचाला २५४ रेघा. एमडीएफवर ०.१५ केलंत तरी फरक डोळ्याला फारसा कळणार नाही, आणि वेळ एक तृतीयांश वाचेल. कमानीवर शब्द लांब लांब असतील तर फिलचा प्रकारही बदलून बघा. सगळे आकार एकदम भरायला सांगितलं की डोकं मधल्या रिकाम्या जागेवरूनही पळत राहतं. गटागटाने भरायला सांगा.

शेवंती_सांगली

०.१५ आणि गटाने: एकूण अठ्ठावीस मिनिटं. तिसरं मखर आत्ता मशीनवर आहे. काका, वही आणली, दोनशे पानी.

मिरजेची_मैना

फोटो टाका की.

गुळाचा_गणपती

आणि भाव. पुण्याला पाठवता का?